मुशीच्या तेलाचा पियानो

आबा,

गेल्या महिन्यात पणजीच्या एका मोठ्या हॉटेलात मी पियानोच्या आत नाक खुपसलं आणि तिथल्या मॅनेजरची बोलणी खाल्ली. तुम्ही असता तर पोट धरधरून हसला असता, म्हणून सगळ्यात आधी तेच सांगते. भाच्याच्या मुलीचं लग्न होतं. जेवणाच्या हॉलच्या कोपऱ्यात एक जुना उभा पियानो ठेवलेला, अक्रोडाच्या लाकडाचा, पुढे दोन पितळी मेणबत्तीदाण्या, आणि कोणी हात लावू नये म्हणून भोवती लाल दोरी. मी ऐंशीची बाई, गुडघे कुरकुरतात, तरी दोरीखालून वाकून गेले, वरचं झाकण उचललं आणि डोकं आत घातलं. "मॅडम, काय करताय?" म्हणत तो मॅनेजर धावत आला. म्हटलं, वास घेतेय. "कसला वास?" म्हटलं, मुशी माशाच्या तेलाचा. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं! आत नुसता धुळीचा वास होता, आबा, आणि कसल्यातरी अत्तराच्या फवाऱ्याचा. मी मुकाट्याने परत येऊन पानावर बसले, पण जेवणात लक्ष लागेना. तुम्हाला जाऊन पंचेचाळीस वर्षं झाली आणि आपल्या त्या पियानोबद्दल एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिलीच आहे. ती मी विसरले होते असं नाही. सांगायची टाळली होती.

आता सांगते, पण वळणावळणाने सांगणार. माझी खोड तुम्हाला ठाऊकच आहे. "ह्या चेडवाकडे पाणी मागलां तर आधी इहिरीची गजाल सांगता," असं तुम्ही आईला म्हणायचात, आणि आई म्हणायची, "बापाशीवर गेला हा."

तुम्ही होड्या बांधायचात. खाडीच्या कडेला चार खांबांवर झावळांचं छप्पर, खाली अर्धी बांधलेली होडी, सभोवार भुसा, आणि डांबराचं पिंप. देवगडपासून वेंगुर्ल्यापर्यंतचे नाखवे तुमच्याकडे यायचे. तुम्ही कागदावर रेघ मारलेली मी कधी पाहिली नाही. फळी उचलायची, एक डोळा मिटायचा, जिभेचं टोक बाहेर काढायचं, आणि मग तासायला वाकस चालवायचा. फळी होडीच्या पोटाला अशी बसायची की मधून नख जाऊ नये. कोणी कौतुक केलं की तुम्ही उगाच खेकसायचात, आणि कोणी केलं नाही की दोन दिवस घरात धुसफुस. आई म्हणायची, ह्या माणसाला दोन्हीकडून सांभाळावं लागतं.

आणि तो पियानो होता वरच्या आळीतल्या क्रिस्तांव बाईंचा, ज्यांना अख्खा गाव टीचर म्हणायचा. मी त्यांच्याकडे इंग्रजी शिकायला जायचे. त्यांच्या सासऱ्यांनी तो मुंबईत एका मायदेशी निघालेल्या साहेबाकडून घेतला आणि बोटीने मालवणात आणला. मूळचा लंडनचा, राणी व्हिक्टोरियाच्या काळातला. पट्ट्यांवरचं झाकण उघडलं की आतल्या बाजूला सोनेरी अक्षरांत कंपनीचं नाव. टीचर सांगायच्या, त्या काळात विलायतेत ह्या कंपनीचा पियानो घरी असला की लोक पाहुण्याला आधी पियानो दाखवत आणि मग मुलं. मालवणातही काही वेगळं नव्हतं. मुंबईहून कोणी चाकरमानी आला की टीचरांच्या व्हरांड्यात हजेरी लावणारच, सोनेरी नाव वाचणार, हस्तिदंताच्या पट्टीवर एक बोट हळूच टेकवणार आणि घरी जाऊन सांगणार की वाजवून आलो. मी स्वतः चार बोटांनी एक प्रार्थनेची चाल वाजवायला शिकले होते. तुम्ही मात्र कधी बघायला आला नव्हतात. "पेटी ती पेटी. तेका बगूक कित्याक होयां?" असं म्हणायचात.

पूर्वी दर वर्षी म्हापशाहून एक म्हातारा माणूस येऊन त्याचे सूर लावून जायचा. पंचावन्न सालानंतर गोव्याची सरहद्द बंद झाली, येणं-जाणं थांबलं आणि तो माणूसही थांबला. दोन वर्षांत पियानोचा आवाज बिघडला. खालच्या सुरांत काहीतरी थरथरायचं, डब्यात माशी अडकावी तसं. टीचरांनी बाजारातल्या फर्निचरवाल्या सुताराला बोलावलं. त्याने पाठीमागचं कापड काढून पाहिलं, तर आतल्या, आवाज घुमवणाऱ्या मोठ्या पातळ फळीला वरपासून खालपर्यंत चीर गेलेली. तो म्हणाला, फळी दमटपणाने फुगलीय, मधोमध पोट आलंय. रंधा मारतो, वर दोन पट्ट्या ठोकतो, करून देतो पाटासारखी सपाट. टीचरांनी त्याला चहा देऊन वाटेला लावलं. त्या दुसऱ्या दिवशी छत्री घेऊन, वाळूत बूट रुतवत, थेट आपल्या छपरात आल्या. मी तिथे तुम्हाला पेज घेऊन आले होते, म्हणून मला सगळं ठाऊक आहे.

"मेस्त्री, माझा पियानो बघाल?"

"मी होडये बांदतंय, टीचर. माका तेतला काय एक कळणा नाय."

"त्यातलं तुम्हाला काय कळत नाही ते राहू दे. लाकडातलं कळतं ना?"

हे असं विचारल्यावर तुम्ही नाही कसं म्हणणार! तुम्ही हात धुतलेत आणि त्यांच्या मागे निघालात. पेज तशीच राहिली.

पहिले चार दिवस तुम्ही त्याला हात लावला नाहीत. नुसते बघत बसलात. पियानो भिंतीपासून ओढून फिरवला होता आणि त्याच्या पाठीमागे जमिनीवर तुम्ही मांडी घातलेली. टीचर मध्येच एखादी पट्टी दाबायच्या आणि तुम्ही फळीला गाल लावून ऐकायचात. मला अजून तुमचा तो गाल दिसतो. चौथ्या दिवशी तुम्ही एकदम उठलात आणि म्हणालात, "फुगली नाय ही. ह्यां पोट मुद्दाम दिलेला आसा." मग मला हाताला धरून दाखवलंत. फळी तारांच्या बाजूला जराशी, अगदी जराशी, फुगीर होती आणि पाठीमागच्या आडव्या पट्ट्याही त्याच बाकाला तासलेल्या होत्या. "सपाट फळी बसवची आसती तर पट्टी बाकदार कित्याक तासल्यान आसती? होडयेक पोट कित्याक देतत? पाण्याचो दाब सोसूक. हयसर तारांचो दाब आसा." तुम्ही इतके खूश झाला होतात! दुसऱ्या कुठल्या सुताराला हे दिसलंच नसतं. त्याला सगळं पाटासारखं लागतं. तुमचा सगळा जन्म पोटाच्या फळ्या बसवण्यात गेलेला.

त्यानंतर तुम्हाला त्या पियानोचं वेडच लागलं. घरी जेवताना दुसरा विषय नाही. एकदा तुम्ही पाठीमागचे बारीक स्क्रू पुसून बघितलेत, तर ते पितळेचे. नुसते सांधे डिंकाने चिकटवून भागलं असतं, पण ह्या माणसाने शिवाय पितळेचे स्क्रू दिलेले. टीचर म्हणाल्या, गरम मुलखात पाठवायचे पियानो तिकडे वेगळे बांधायचे, म्हणजे इथल्या हवेत सांधे सुटू नयेत, गंज धरू नये. तुम्ही कितीतरी वेळ तो स्क्रू बोटाने चोळत राहिलात. "लंडनात बसान तेका आमचो खारो वारो कसो काय कळलो गो?" असं मला विचारलंत, जसं काही मी त्याच्या शेजारी राहत होते. मग वाजवायच्या पट्ट्या काढून साफ करताना सगळ्यात शेवटच्या पट्टीच्या बाजूला पेन्सिलीने काहीतरी लिहिलेलं सापडलं. तुम्ही मला वाचायला दिलंत. इंग्रजीत एक नाव होतं, घाईत गिरबटलेलं, कंपनीच्या सोनेरी नावापेक्षा वेगळंच. तुम्ही म्हणालात, "वरचां सोन्याचां नाव शेटचां. हां मेस्त्रीचां." त्या दिवसापासून तुम्ही त्या माणसाबद्दल घरातल्या माणसासारखे बोलायला लागलात. 'आमचो लंडनचो मेस्त्री' असंच म्हणायचात. आई विचारायची, जेवायला बोलावू काय त्याला?

माझी कानउघाडणीही तेव्हाचीच. चिरेत बसवायला तुम्ही पातळ पाचर करत होतात. त्या फळीसारखंच हलकं, सरळ रेषांचं लाकूड पाहिजे म्हणून अर्धा बाजार पालथा घातलात आणि शेवटी टीचरांच्या माळ्यावरचं एक जुनं देवदारी खोकं निवडलंत, विलायती बिस्किटांचे डबे घालून कधीतरी आलेलं. त्याच्या एकेका फळीवर टिचकी मारून, ऐकून, एक पसंत केलीत. ती पाचर तुम्ही तासलीत, बसवून बघितलीत, काढलीत, परत तासलीत. दुपार झाली. मला भूक लागली होती. मी म्हटलं, "आबा, मागची बाजू कोणाक दिसतली? भिंतीकडे तर आसता." तुम्ही पटाशी खाली ठेवलीत. ओरडला नाहीत. म्हणालात, "ज्या माणसान ही बांदल्यान, तेका दिसत होती." आणि मग, "माफी माग." कोणाची, टीचरांची? "पियानोची." आणि खरोखर मला त्या पियानोसमोर उभं करून हात जोडायला लावलंत, टीचर तोंडावर पदर धरून हसताहेत, तुम्ही मात्र गंभीर. बारा वर्षांची घोडी मी, लाजेने लाल झाले. पण पुढे तीस वर्षं शाळेत शिकवताना कुठल्या मुलीने वहीच्या मागच्या पानावर गबाळं लिहिलं की मला तुमची ती पटाशी दिसायची. उरलेल्या लाकडातून तुम्ही मला एक पेन्सिलीची पेटी करून दिलीत आणि तिच्याही झाकणाला किंचित पोट दिलंत.

पाचर बसली. सुटलेल्या आडव्या पट्ट्या सरसाने चिकटवून, बाक न मोडता, आवळून ठेवल्या. आठ दिवसांनी पियानो सरळ करून टीचरांनी खालचा सूर वाजवला. माशी गेली होती! असा खोल, गोल आवाज आला की टीचरांनी क्रूस केला आणि डोळे पुसले. तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात. एवढ्यावर तुम्ही थांबला असता, आबा, तर पुढचं रामायण घडलं नसतं. पण नव्या होडीला शेवटचा तेलाचा हात मेस्त्रीने स्वतः द्यायचा, ही आपल्याकडची रीत. त्याशिवाय काम पुरं होत नाही, नारळ फोडत नाहीत. टीचर दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्साला गेल्या असताना तुम्ही घरून मुशीच्या तेलाचा डबा आणि फडकं घेऊन गेलात. जगातलं कुठलंही लाकूड समुद्राकाठी तेलाशिवाय उघडं ठेवू नये, हे तुम्ही आईच्या दुधाबरोबर प्यायला होतात. पियानोची पाठ, आतल्या बाजू, तळ, झाकणाखालची चौकट, सगळीकडे दोन हात तेल! मग अंगणात नारळ फोडलात आणि चौकटीला कुंकवाचं बोट लावलंत.

बाई गं, काय तो वास! होडीला वारा असतो, समुद्र असतो. टीचरांच्या खोलीला दोनच खिडक्या. त्या चर्चमधून परत आल्या आणि दारातच थबकल्या. मी त्यांच्याबरोबर होते. त्यांनी नाकाला रुमाल लावला, तुमच्या तोंडाकडे बघितलं, तुम्ही किती अभिमानाने उभे होतात ते बघितलं, आणि रुमाल खाली घेऊन म्हणाल्या, "छान, मेस्त्री. अगदी छान." खरी थोर बाई. चार दिवसांत आळीतली सगळी मांजरं पियानोवर मुक्कामाला आली. नाताळात गाणी म्हणायला जमलेली पोरं एक ओळ म्हणायची आणि श्वास घ्यायला व्हरांड्यात पळायची. पाद्री आले, त्यांनी विचारलं, घरात मासळी सुकवता काय? गावभर झालं. "टीचरचो पियानो दर्याक घालतले" म्हणून लोक तुम्हाला चिडवायचे. तुम्ही आधी म्हणालात वास येतच नाही. मग म्हणालात, येतो पण जाईल. मग एका दुपारी टीचरांना कोणी मुंबईची पाहुणी सांगत असताना तुमच्या कानावर पडलं, की असल्या वाद्याला तेल लावलं की ते कायमचं मरतं, सूरच धरत नाही.

बाहेर कोणाला कळलं नसेल, पण ते तुम्हाला किती लागलं हे घरात आम्हाला कळलं. तुम्ही टीचरांच्या घरावरून जाणं सोडलंत, बाजाराला लांबच्या वाटेने जायचात. मी शिकवणीहून आले की सहज विचारल्यासारखं विचारायचात, "वाजता मां?" मी म्हणायचे, वाजतो. "बरो वाजता?" बरा वाजतो. पण माझं म्हणणं कोणत्या कामाचं! मला काय कळत होतं, टीचरांना तरी काय कळत होतं. गावात चिडवणाऱ्यांची तुम्ही पर्वा केली नाहीत. तुम्हाला धास्ती होती ती वेगळीच. एकदा आईला म्हणालात ते मी ऐकलं, "त्या मेस्त्रीन सात समुद्रापलीकडसून आमच्या हवेचो इचार केल्यान, आणि मी तेचां काम मारून टाकलंय की काय." त्याचं उत्तर एकच माणूस देऊ शकत होता, म्हापशाचा तो सूर लावणारा, आणि तो सरहद्दीच्या पलीकडे होता. चार वर्षं तुम्ही त्याची वाट बघितलीत.

गोवा मोकळा झाला. पुढच्या उन्हाळ्यात टीचरांना पत्र आलं की तो येतोय. मी तेव्हा अकरावीची परीक्षा देऊन बसले होते. तो यायचा त्या सकाळी तुम्ही मला छपरात बोलावलंत. अंगावर फक्त लंगोटी, कोपरापर्यंत डांबर, केसांत भुसा, हातात वाकस. म्हणालात, "मी येवचंय नाय. तू जा. तो काय म्हणता ता शब्दान् शब्द आयक. बरां म्हणालो तर माका हाक मार, मी येतंय तेका भेटूक. वायट म्हणालो तर..." वाकसाची धार अंगठ्याने बघितलीत. "तर घराक जा आणि जेव." आणि लगेच पाठ फिरवून फळी तासायला लागलात. जिथे तासायचं काहीच नव्हतं तिथे!

तो आला. म्हातारा, वाळलेला, पण अंगात सूट, गळ्याला टाय, त्यावर सोन्याची पिन, हातात कातडी बॅग. माझ्या वर्गातल्या दोघी जणी, डॉक्टरांच्या मुली, त्याला बघायला मुद्दाम आल्या होत्या. त्याने झाकण उघडलं आणि एक पाऊल मागे सरला. "जेजू! हें कितें? व्हडें?" म्हणाला, व्हडें म्हणजे त्यांची होडी. पाच वर्षांनीही वास येत होता, आबा! टीचरांनी सगळं सांगितल्यावर तो इतका हसला की त्याला खुर्चीत बसवून पाणी द्यावं लागलं. मग डोळे पुसून कामाला लागला. तारा ताणणाऱ्या तीन खुंट्या तेलाने सैल झाल्या होत्या, त्या त्याने काढून पॉलिश पेपरचे तुकडे गुंडाळून परत ठोकल्या. मग पियानो फिरवायला लावला, बॅटरी घेऊन पाठीमागे गेला, आणि बराच वेळ बाहेरच आला नाही. नुसती टकटक ऐकू यायची, बोटाच्या पेराने फळीवर.

बाहेर आला तेव्हा हसू गेलं होतं. म्हणाला, हा सुतार नव्हे. सुताराने ही फळी सपाट केली असती, आणि तीस वर्षांत मी तसे सपाट केलेले कितीतरी मेलेले पियानो बघितले. ह्याने पोट राखलंय. पाचर कुठे सुरू होते आणि कुठे संपते ते मला चष्मा लावूनही धड दिसेना. मग म्हणाला, ह्या फेरीत म्हापशापासून इथपर्यंत जेवढे पियानो उघडले तेवढे सगळे वाळवीने, कसरीने आतून पोखरलेले. हा एकच असा आहे की ज्याला एक किडा शिवला नाही. कोण शिवेल! "वास वायट," तो म्हणाला, "पूण पियानो जितो आसा." जिवंत! टीचरांनी माझा हात दाबला.

मी धावत निघाले आणि छपराशी पोचले. तुम्ही काम करत नव्हतात. फळ्यांच्या ढिगावर बसला होतात. धुतलेलं धोतर, लग्नाकार्यातला काळा कोट, केस विंचरलेले, आणि घासलेटाने घासून घासून लाल झालेले दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवलेले. डांबराचा डागसुद्धा नव्हता. तुम्ही कधी घरी जाऊन आलात, कधी अंघोळ केलीत, मला कळलं नाही. मी शब्दान् शब्द सांगितला. पोट, पाचर, चष्मा, वाळवी, सगळं. तुम्ही दोनदा सांगायला लावलंत. मग हसायला लागलात ते थांबेचना. "एक किडो शिवलो नाय? बग! लंडनवाल्यांनी माझ्याकडसून तेल न्हेवक होयां होतां!" खाडीपलीकडच्या माणसाला तुम्ही ओरडून सांगितलंत. मग जरा श्वास घेऊन, कोटाची बटणं चाचपत, माझ्या मागे वाटेकडे बघत विचारलंत, "मगे, तो खंय आसा?"

मी म्हटलं, गेला. त्याला सावंतवाडीची गाडी गाठायची होती, अगदी घाईत होता.

"हां," तुम्ही म्हणालात. "गाडयेचां काय सांगूक येणा नाय." कोट काढलात, घडी घातलीत, भुसा लागू नये म्हणून उलटा करून खुंटीला टांगलात. संध्याकाळी घरी खोबऱ्याच्या सारणाच्या पातोळ्या झाल्या. पुढे मरेपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला तुम्ही ती हकिगत सांगितलीत, आणि सांगताना शेवटी न चुकता म्हणायचात की एकदा त्या माणसाची भेट व्हायला हवी होती. मग टीचर गेल्यावर पियानो त्यांच्या पुतण्याकडे गेला, तो म्हापशाचा माणूसही त्यानंतर दोन-तीन वर्षांत वारला, आणि तुम्ही तरी किती दिवस राहणार होतात.

हे सगळं मी किराण्याच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहितेय. नातीने विचारलं तर सामानाची यादी म्हणून सांगितलं. ही पानं फाडून कुठे पाठवायची नाहीत, तेव्हा आता आडपडदा कशाला. काम संपल्यावर तो मला म्हणाला होता, "ताका आपय. म्हाका ताचे हात पळोवंक जाय." म्हणजे, त्याला बोलाव, मला त्याचे हात बघायचेत. मी त्याच्या टायवरच्या पिनेकडे बघितलं, त्या दोघी मुलींकडे बघितलं, आणि मला सकाळची तुमची लंगोटी दिसली, डांबर दिसलं. मला तुमची लाज वाटली, आबा. मी म्हटलं, वडील धामापूरला लाकूड बघायला गेलेत. टीचरांनी सकाळीच तुम्हाला छपरात पाहिलं होतं. तरी त्यांनी मला खोटं पाडलं नाही. छपरात तुम्हाला कोटात पाहिलं तेव्हा ते खोटं बोलून झालं होतं, म्हणून तुम्हालाही 'गेला' म्हणून सांगितलं.

त्याची गाडी संध्याकाळी पाचाची होती. मी निघाले तेव्हा बारासुद्धा वाजले नव्हते. नंतर टीचरांनी सांगितलं, तो जेवणानंतर आडवासुद्धा झाला नाही. मेस्त्री धामापूरहून लवकर परतले तर म्हणून टोपी मांडीवर घेऊन सगळी दुपार व्हरांड्यात बसून होता.